मुंग्या मोजायच्या, पण केवढ्या चौकटीत?

मुंग्यांविषयीची पत्रं या वेळी बरीच साचली होती. वरवर वेगवेगळी वाटली तरी बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडलं आहे : किती जागेतल्या मुंग्या एकत्र धरायच्या? म्हणून ती एकत्रच घेतली आहेत.

प्रश्न : देवराई, तिच्या शेजारची आंब्याची बाग आणि वरचा कातळसडा अशा तीन ठिकाणी पेल्याचे सापळे (जमिनीत कडेपर्यंत पुरलेले उघडे पेले, चालता चालता मुंग्या आत पडतात) लावले. एकेक सापळा पाहिला तर बागेतली कार्यात्मक विविधता देवराईच्या तोडीची येते. सगळे सापळे एकत्र केले की देवराई कितीतरी पुढे जाते. सड्यावर तर सापळ्यात दोन-तीनच प्रजाती. गणित चुकलं की सापळे? (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : दोन्ही ठीक आहेत. एकाच जागेला तुम्ही दोन वेगळे प्रश्न विचारलेत आणि तिने दोन वेगळी उत्तरं दिली.

आधी इतर वाचकांसाठी थोडं. कार्यात्मक विविधतेत आपण प्रजातींची डोकी मोजत नाही, त्यांच्या जगण्याच्या पद्धतींतलं अंतर मोजतो, आणि ते अंगावरच्या मापांतून. देवराईच्या पाल्यात स्ट्रुमिजेनिस सापडते : जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, डोळे टिंबाएवढे. लांब जबड्यांच्या प्रजाती ते सताड उघडे ठेवून पुढे सरकतात आणि स्प्रिंगटेलसारखा इवलासा किडा टप्प्यात आला की फटकन मिटतात. त्याच पाल्यावरून हार्पेग्नाथॉस साल्टेटर फिरते : सुमारे दीड सेंटिमीटर लांब, डोळे टपोरे, एकटीने शिकार करणारी आणि उडी मारून भक्ष्य धरणारी. तिसरा आपला डोंगळा, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, मावा-तुडतुड्यांच्या गोड स्रावावर पोसणारा. प्रजाती तीनच, पण एकीचं काम दुसरीला जमणार नाही. याउलट एका पेल्यात फायडोली या एकाच वंशातल्या, जवळपास सारख्याच तीन प्रजाती आल्या तर यादी तीनने वाढते, विविधता नावालाच.

आता बाग. झाडं ठरावीक अंतरावर, खालचं गवत कापलेलं, सावलीही एकसारखी. अशा ठिकाणी पहिल्या पेल्यात डोंगळा, फायडोली, मोनोमोरियम आणि डायाकाम्मा आल्या तर दहाव्या पेल्यातही साधारण त्याच येतात. एका पेल्यातला संच चांगला मिश्र असतो, म्हणून सापळ्याच्या पातळीवर आकडा वर जातो. पण दहा पेले मिळून नवं काही सांगत नाहीत. देवराईत दहा मीटरवर सगळं पालटतं. इथे कुजलेला ओंडका, तिथे मोडलेल्या फांदीमुळे पडलेला उन्हाचा तुकडा, पुढे घोटाभर पाला, त्यापुढे उघडा दगड. प्रत्येक पेल्यात थोड्याच प्रजाती, पण दर पेल्यात निराळ्या. ही पेल्यापेल्यांतली तफावत एकेक पेला पाहून कधीच दिसणार नाही.

सड्याचं कारण वेगळं. उन्हाळ्यात दुपारी कातळाचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्या पुढे जातो, पावसाळ्यात तेच खळगे पाण्याने भरतात, आणि माती असते ती भेगांत आणि खोलगट जागी, वीतभरसुद्धा नाही. ज्या मुंग्यांना हे सोसतं त्याच आत येतात. म्हणून सड्यावर एक पेला घ्या की पन्नास, मापं एका ठरावीक पट्ट्यातच राहतात. पेला मातीच्या कप्प्यात पुरला असेल तर मात्र हा निष्कर्ष जरा जपून काढा. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

आणखी एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते. ‘एक चौरस मीटर’ हे माप आपल्यासाठी एक आहे, मुंग्यांसाठी नाही. कॅस्परी आणि वायझर यांनी १९९९मध्ये मांडलेली कल्पना अशी : अंग जसं मोठं होतं तसे पाय त्या मानाने जास्त लांब होतात, कारण मोठ्या मुंगीला जमीन सपाट भासते आणि लांब पायांनी ती झपाझप कापता येते. लहान मुंगीला तीच जमीन भेगांची, कपारींची आणि पुलांची असते. तिथे लांब पाय अडकतात. आंब्याचं एक वाळून वळलेलं पान जमिनीवर ठेवून पाहा. डोंगळा त्यावरून सरळ रेषेत निघून जातो, वळलेल्या कडेशी क्षणभर थबकतो इतकंच. फायडोलीची छोटी कामकरी पानाच्या खालून शिरते, शिरेच्या कडेने जाते, भोकातून वर येते आणि पुन्हा खाली. तिच्या लेखी ते पान म्हणजे तीन मजली वाडा. त्यामुळे पालापाचोळा झाडून काढला तर विविधतेतला बारीक अंगाचा, आखूड पायांचा भाग आधी जातो, आणि डोंगळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

प्रश्न : कॉलेजच्या निसर्गमंडळाकडे तीस पेल्यांचं सामान आहे. तीन अधिवासांत दहा-दहा लावावेत का? किती अंतरावर, किती दिवस? (प्राध्यापक, सातारा)

उत्तर : दहा-दहा लावू नका. एका देवराईतले दहा पेले म्हणजे दहा देवराया नव्हेत. या चुकीकडे हर्लबर्ट यांनी १९८४मध्ये बोट दाखवलं, तरी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ती अजूनही मुक्कामाला आहे. अधिवास दोनच घ्या, प्रत्येकाच्या तीन वेगळ्या जागा आणि दर जागी पाच पेले. झाले तीस. जागांमध्ये निदान तीन-चारशे मीटर अंतर राखा. एका जागेतल्या पेल्यांमध्ये दहा मीटर ठेवा, म्हणजे शेजारच्या दोन पेल्यांत एकाच घरट्याची रांग पडण्याचा धोका कमी होतो. पेले धुऊन पुढच्या आठवड्यात तिसऱ्या अधिवासात वापरता येतात. फक्त मधे पहिला पाऊस पडता कामा नये. पडला तर तुम्ही अधिवास नव्हे, ऋतू मोजलात.

पूर्ण ताकदीचा नमुना हवा असेल तर पाल्यातल्या मुंग्यांसाठी २०००मध्ये प्रसिद्ध झालेली प्रमाणित पद्धत पाहा : २०० मीटरची रेषा, दर दहा मीटरला एक असे वीस बिंदू, प्रत्येक बिंदूवर एक चौरस मीटर पाला चाळून विंकलर पिशवीत (पाला सुकत जातो तशा मुंग्या त्यातून बाहेर पडून खालच्या बाटलीत जमतात अशी कापडी पिशवी) ४८ तास टांगायचा आणि जवळच एक पेला ४८ तास उघडा ठेवायचा. जंगलासाठी याला तोड नाही. सड्यावर पालाच नसल्याने अर्धी पद्धत गळून पडते, आणि गाडी इथेच रुळावरून घसरते. देवराईत पेला अधिक विंकलर, सड्यावर नुसता पेला, आणि मग दोघांची तुलना. विंकलरमधून नेमक्या पाल्यात लपणाऱ्या बारीक मुंग्या येतात, म्हणजे फरक पद्धतीचा आणि श्रेय अधिवासाला. तुलना करायची तर सगळीकडे समान असलेल्या पद्धतीचीच माहिती वापरा. विंकलरची माहिती देवराईपुरती निराळी मांडा.

सड्यावर पेला मातीच्या कप्प्यातच पुरता येतो. मग तुम्ही सडा न मोजता सड्यावरची माती मोजता. त्याला जोड म्हणून दोन मीटर बाय दोन मीटरच्या चौकोनात घड्याळ लावून दहा मिनिटं हाताने मुंग्या वेचा : सकाळी एकदा, उन्हं कलल्यावर एकदा. आणि हेच बागेत आणि देवराईतही करा.

पेला पुरताना घ्यायची काळजी :

दोन पेले एकात एक घाला. बाहेरचा जमिनीतच राहतो, आतला उचलून रिकामा करायचा, म्हणजे दर वेळी खणावं लागत नाही. ताज्या उकरलेल्या मातीजवळ मुंग्यांची ये-जा काही काळ बदललेली असते, तेव्हा पेले पुरून झाकण लावून आठवडाभर तसेच ठेवा आणि मग उघडा. पेल्याची कड मातीशी अगदी समपातळीत हवी. ती दोन मिलिमीटर जरी वर राहिली तर दोन मिलिमीटरची मुंगी भिंत समजून वळते आणि डोंगळा मात्र चढून आत पडतो. तुमच्या निकालात मोठ्या मुंग्या वाढतात, त्या फक्त कडेमुळे. आत एक तृतीयांश पाणी, मीठ विरघळवलेलं, आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. साबण नसेल तर हलकी मुंगी पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत कडेला लागते आणि बाहेर पडते. सड्यावर पाणी आटतं, तिथे अर्धा पेला भरा. दोन दिवसांहून जास्त ठेवायचं असेल तर मिठाच्या पाण्याऐवजी प्रॉपिलीन ग्लायकॉल (सहजी न आटणारा द्रव). साखर, गूळ, मध काहीही नको. तसं केलं की तो सापळा न राहता आमिष होतो, आणि आमिषावर दादागिरी करणाऱ्या प्रजातीच तेवढ्या हजर राहतात. काढलेल्या मुंग्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये, कुपीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग कुठली कुपी कुठली ते देवाला माहीत.

मोजताना कामकऱ्यांची संख्या वापरू नका. एक पेला फायडोलीच्या घरट्याच्या तोंडाशी आला तर शेकड्यांनी मुंग्या पडतील आणि सगळी सरासरी तिकडे कलेल. पाचपैकी किती पेल्यांत प्रजाती आली, हाच आकडा घ्या. मुंग्यांच्या बाबतीत जगणारा-मरणारा घटक मुंगी नसून वसाहत असते.

प्रश्न : गुणधर्मांची मापं घेतली, यादृच्छिक संचांशी तुलना केली. संपूर्ण सह्याद्रीची यादी आधार धरली तर प्रत्येक जागी मुंग्या अपेक्षेपेक्षा जास्त सारख्या निघतात. फक्त माझ्या रेषेवरच्या प्रजाती आधार धरल्या तर काहीच निघत नाही, एका ठिकाणी तर उलट निघतं. मार्गदर्शक म्हणतात एक ठरव. कोणतं? (संशोधक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : मार्गदर्शकांचा मान राखून सांगतो, एक ठरवू नका. तुमच्या हातात आलं आहे तेच या विषयाचं सार आहे.

यादृच्छिक संच म्हणजे काय करता? एका पेटाऱ्यातून तितक्याच प्रजाती उचलता, समजा ९९९ वेळा, आणि प्रत्येक वेळी विविधता काढता. प्रत्यक्ष आकड्यातून या सगळ्यांची सरासरी वजा करून त्यांच्या प्रमाण विचलनाने भागलं की कळतं आपला संच कुठे पडतो : उणे १.९६च्या खाली असेल तर अपेक्षेपेक्षा एकसारखा, अधिक १.९६च्या वर असेल तर अपेक्षेपेक्षा पांगलेला. सगळं अवलंबून आहे ते पेटाऱ्यात काय भरलं यावर.

पेटाऱ्यात सह्याद्री भरला तर त्यात फांद्यांवर राहणाऱ्या, सदाहरित रानातल्या, कोरड्या माळावरच्या सगळ्या आल्या. तुमच्या सड्यावर यातल्या बहुतेक जगूच शकत नाहीत. साहजिकच तिथला संच एकसारखा दिसणार. हवामानाची आणि जमिनीची चाळणी तुम्हाला दिसली, आणि ती खरी आहे. पेटाऱ्यात फक्त रेषेवरच्या प्रजाती भरल्या तर चाळणी आधीच लागून गेलेली असते. उरतो तो पेल्या-पेल्यातला व्यवहार : कोण कुणाला घरट्याजवळ फिरकू देत नाही, कोण कुणाच्या वेळेला बाहेर पडत नाही. तिथे पांगलेपणा दिसला तर स्पर्धेचा संशय घ्यायला जागा आहे. संशयच, सिद्ध होत नाही. बारीक पातळीवर ऊन-सावलीचे तुकडे असले तरी पेल्या-पेल्यात असाच फरक येतो.

छोट्या पेटाऱ्याला एक जुना आक्षेपही आहे. कोलवेल आणि विंकलर यांनी १९८४मध्ये दाखवलं की स्पर्धेने ज्या प्रजाती आधीच हाकलल्या त्या त्या यादीत नसतातच, मग स्पर्धेचा परिणाम कमीच दिसणार. त्यांनी याला नार्सिससचं, म्हणजे पाण्यातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेल्या ग्रीक कथेतल्या तरुणाचं, नाव दिलं. (हा विंकलर पिशवीवाला नव्हे.) म्हणून तीन पेटारे ठेवा : विभाग, परिसरातले सगळे अधिवास, आणि एकच अधिवास. तिन्ही निकाल शेजारी-शेजारी मांडा. कुठल्या पायरीवर आकडा पालटतो, तेच तुमच्या प्रबंधाचं प्रकरण.

आता हमखास होणाऱ्या चुका. कार्यात्मक समृद्धी नावाचा निर्देशांक, जो गुणधर्मांच्या अवकाशात प्रजातींभोवती आवरण गुंडाळून त्याचं आकारमान मोजतो, त्याला गुणधर्मांच्या अक्षांपेक्षा जास्त प्रजाती लागतात. पाच गुणधर्म आणि पेल्यात तीन प्रजाती असतील तर तो निघतच नाही. सॉफ्टवेअर गुपचूप अक्ष कमी करून आकडा देतं आणि तुम्ही खूश होता. शिवाय तो प्रजातींच्या संख्येबरोबर, पर्यायाने क्षेत्रफळाबरोबर, वाढतोच. पेल्याच्या पातळीवर राओचा निर्देशांक (सहज उचललेल्या दोन नोंदींमधलं गुणधर्मांचं सरासरी अंतर) किंवा कार्यात्मक विखुरणं (संचाच्या मध्यापासून प्रजातींचं सरासरी अंतर) वापरा.

दुसरी चूक जास्त छुपी. प्रजातींमधली अंतरं शून्य ते एक अशी बसवताना काहीजण प्रत्येक अधिवासासाठी वेगळी बसवतात. मग सड्यावरचं ‘एक’ आणि देवराईतलं ‘एक’ ही दोन वेगळी मापं होतात. अंतरांचा तक्ता सगळ्या प्रजातींसाठी एकदाच करा आणि तोच सर्व पातळ्यांवर वापरा.

तिसरी : राओचे कच्चे आकडे वजा करून पेल्या-पेल्यांतली तफावत काढू नका, ती नेहमी हास्यास्पद लहान येते. आधी १ / (१ − राओ) असं रूपांतर करा. समजा पेल्यांची सरासरी ०.५ आणि एकत्र केल्यावर ०.७५. कच्च्या हिशेबाने पेल्यांच्या आत दोन तृतीयांश आणि पेल्यांमध्ये फक्त एक तृतीयांश. रूपांतर केलं की २ आणि ४, म्हणजे एकत्र केल्यावर विविधता दुप्पट होते. तेच आकडे, पण गोष्ट निराळी.

प्रश्न : आंब्यावर उंबील (आमच्याकडे हुमलेही म्हणतात) आहेत. तुडतुडे कमी होतात म्हणून सगळ्या झाडांवर सोडावेत असं सुचवलं जातं. बाकीच्या मुंग्या नाहीशा होतील का? (बागायतदार, सिंधुदुर्ग)

उत्तर : झाडापुरतं बोलायचं तर होय, बऱ्याचशा. बागेपुरतं बोलायचं तर ते तुमच्या हातात आहे.

उंबील, म्हणजे पानं जोडून झाडावर घरटं करणारी लाल मुंगी ओइकोफिला स्मॅराग्डिना, ज्या झाडावर बसते तिथे दुसऱ्या दांडगट मुंगीला थारा देत नाही. क्रेमॅटोगॅस्टर शेजारच्या झाडावर असेल, याच झाडावर सहसा नाही. चालवून घेतल्या जातात त्या लहान, भांडण न उकरणाऱ्या. म्हणून एक झाड मोजलं तर विविधता कमी भरते. पण काही झाडं उंबीलची, काही क्रेमॅटोगॅस्टरची, काही कुणाचीच नाहीत, अशी गोधडी असेल तर पूर्ण बाग मोजताना आकडा चांगला येतो. सगळ्या झाडांवर उंबील सोडली की गोधडीचं एकरंगी चादरीत रूपांतर होतं. तेव्हा काही झाडं मुद्दाम मोकळी ठेवा, आणि ती एका कोपऱ्यात न ठेवता मधूनमधून.

कीड आवरायला ही मुंगी वापरणं नवं नाही. दक्षिण चीनमध्ये संत्रावर्गीय झाडांसाठी तिची घरटी विकली जात, याची नोंद चौथ्या शतकातली मानली जाते. उत्तर ऑस्ट्रेलियात पेंग आणि ख्रिश्चन यांनी आंब्याच्या बागांत यावर बरीच वर्षं काम केलं. त्यातला बागायतदाराच्या कामाचा भाग असा : दोन वेगळ्या वसाहतींच्या झाडांच्या फांद्या एकमेकींना टेकू देऊ नका. टेकल्या की लढाई जुंपते, दोन्ही वसाहती खंगतात आणि तुडतुड्यांचं फावतं. वसाहत एकच आहे का ते पाहायचं असेल तर दोन घरट्यांतल्या चार-चार मुंग्या एका बाटलीत सोडा. मिशा लावून शांत राहिल्या तर एकाच घरच्या. पाय धरून ताणायला लागल्या तर परक्या.

घरटी हलवताना राणी लागते, आणि वसाहतीची डझनावारी घरटी असली तरी राणी सहसा एकाच घरट्यात असते. ती राहिली मागे, तर नेलेल्या मुंग्या काही महिन्यांत संपतात आणि ‘उंबील टिकत नाही’ असा शेरा बसतो. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या : उंबील पिठ्या ढेकूण आणि खवले किडीही पाळते. त्यांचा जोर दिसला तर त्या फांदीपुरती साबणाच्या पाण्याची फवारणी करा. बागभर कीटकनाशक मारलंत तर उंबील आधी जाईल.

प्रश्न : चांगला मायक्रोस्कोप नाही. मापांऐवजी मुंग्यांचे तयार कार्यगट (जगण्याच्या पद्धतीवरून आधीच पाडलेले गट) वापरले तर चालेल का? (शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : चौकट मोठी असेल तर चालेल. अँडरसन यांचे गट ऑस्ट्रेलियात तयार झाले, प्रामुख्याने वंशाच्या पातळीवर ठरतात, आणि माळ विरुद्ध जंगल अशा ढोबळ तुलनेला उपयोगी पडतात. एका बागेच्या आत मात्र निम्म्याहून अधिक प्रजाती एक-दोन गटांत कोंबल्या जातात आणि झाडाखालचं, वाटेवरचं, बांधावरचं सगळं एकच दिसतं. ऑस्ट्रेलियातला सर्वांत दांडगा गट आपल्याकडे तसा वर्चस्व गाजवतही नाही.

त्यापेक्षा तीनच मापं घ्या : डोक्याची रुंदी, धडाची लांबी (बाजूने, मानेच्या कडेपासून कंबरेच्या सांध्यापर्यंत) आणि मागच्या पायाच्या मांडीची लांबी. साध्या स्टिरिओ मायक्रोस्कोपवर डोळ्याच्या भिंगातली मोजपट्टी पुरते. झूम बदलला की पट्टी पुन्हा जुळवून घ्या. हे विसरल्यामुळे अख्खे तक्ते वाया जातात. दर प्रजातीच्या सहा कामकरी मोजा, शक्यतो वेगवेगळ्या पेल्यांतून, नाहीतर सहा बहिणी मोजल्या जातील. फायडोलीत मोठ्या डोक्याच्या शिपाई मुंग्या बाजूला ठेवून फक्त लहान कामकरी घ्या. डोकं आणि मांडी यांना धडाच्या लांबीने भागा. तसं केलं नाही तर तिन्ही मापं मिळून एकच गोष्ट सांगतात, मुंगी मोठी की लहान. भागल्यावर पाय अंगाच्या मानाने लांब की आखूड ते दिसतं, आणि वाळक्या पानाचा वाडा कुणाला वाडा वाटतो ते त्यावरच ठरतं.